मे महिन्यातल्या बाहुल्या

क्योतो,
२४ मे

प्रिय मिहोसान,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून मनात काही आणू नका. इथं अझेलियाची फुलं सुकून देठांनाच चिकटून राहिली आहेत आणि मागच्या दारी हायड्रेंजियाला हिरवे गुच्छ धरलेत. त्यांना निळा रंग चढू लागला की पावसाळा आलाच. तुमच्याकडे सेंदाईला अजून सकाळचा स्वेटर लागतो, असं कोहेई परवा फोनवर सांगत होता. तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आन्येस पत्रलेखन शिकवायच्या. त्या फ्रान्सहून आलेल्या होत्या आणि आमच्या पत्रांतलं हवामान त्यांना सोसायचं नाही. "मुलींनो, झाडं दोन ओळींत आटपा. ज्यासाठी कागद घेतलात ते तिसऱ्या ओळीत आलं पाहिजे," म्हणायच्या. माझ्या तर सगळ्या ओळी झाडांत आणि गुडघ्यात गेल्या. सिस्टर असत्या तर कागद परत माझ्या हातात दिला असता.

तुम्ही मला एकच गोष्ट विचारलीत. सुझु तुम्हाला 'आई' म्हणाली. तिला तसं म्हणू द्यावं, की तुमच्या नावानं हाक मारायला शिकवावं? तो शब्द शिओरीचा आहे, तो तुम्ही उचलून घेतल्यासारखं तुम्हाला वाटतं. मी सांगेन तसं कराल, असंही लिहिलंत. माझ्या मुलीच्या जागी आलेल्या बाईनं मला हे विचारावं, याची मला अपेक्षा नव्हती. कुणी विचारलं नसतं तरी चाललं असतं, आणि माझ्यासाठी ते सोपंही झालं असतं.

उत्तर मी देणार आहे, याच पत्रात. फक्त मला थोडं लांबून येऊ द्या.

सुझु इथं माझ्याजवळ छान आहे. मागची दाढ येतेय, त्यामुळे हिरड्या शिवशिवतात आणि ती माझा भात वाढायचा लाकडी चमचा चावत बसते. वाटाणे खात नाही. एकेक वेचून माझ्या ताटलीत ठेवते आणि वर म्हणते, "आजी, खा. मोठी हो." मुलांच्या सणाला तुम्ही दोघं इथं होतात, तेव्हा दारावर टांगलेला कापडी मासा पाहिलात ना? तो आम्ही दोघींनी केला होता. कापड म्हणजे माझ्या सासूबाईंच्या किमोनोचं अस्तर. डोळे चिकटवायचं काम सुझुकडे होतं. तिनं दोन्ही डोळे एकाच बाजूला लावले. मी म्हटलं, "अगं, या बाजूनं मासा आंधळा झाला की." ती म्हणाली, "नाही. झोपला."

सकाळी उठली की ती आधी आतल्या खोलीत जाते, आमच्या देव्हाऱ्यापाशी. तिथं तिच्या आजोबांचा फोटो आहे आणि शिओरीचा. मी भाताची वाटी ठेवते, मग काठीनं पितळी वाटी वाजवायची आणि हात जोडायचे. वाजवायचा मान तिचा. त्या आवाजावरून तिनं शिओरीच्या फोटोचं नाव 'टिंग' ठेवलंय. "टिंग, भात." "टिंग, पाऊस." बाहेर जे काही असेल ते टिंगला कळवायचं. आजोबांना ती काही सांगत नाही. त्यांच्या भुवया तिला पटत नसाव्यात. मलाही सुरुवातीला पटल्या नव्हत्या.

टिंगबद्दल मला पुन्हा लिहायचंय. पण आधी बाहुल्या.

मे महिन्याच्या सुटीत तुम्ही आलात तेव्हा आतल्या खोलीत लाल पायऱ्यांवर हिना बाहुल्या मांडलेल्याच होत्या. तुम्ही त्या पाहिल्यात आणि मग माझ्याकडे पाहायचं टाळलंत. तुमच्या घरीही तीन मार्चचा मुलींचा सण झाला की दुसऱ्या दिवशी बाहुल्या खोक्यात जात असतील. त्या मेपर्यंत बसून राहिलेल्या पाहून तुम्हाला काय वाटलं असेल, हे मला कळत होतं. ते सांगायचं तर पुन्हा थोडं मागं जावं लागेल.

मुलीच्या बाहुल्या तिच्या आईच्या माहेरून याव्यात, ही रीत. सुझु पोटात होती तेव्हा मी शिओरीला म्हटलं, चल, दुकानात जाऊन संच ठरवून येऊ. शिओरीच्या लहानपणच्या बाहुल्या माळ्यावर होत्या, पण एका मुलीच्या बाहुल्या दुसरीला देत नाहीत. मुलीवरची पीडा त्या आपल्यावर घेतात; ती पुढच्या पोरीच्या गळ्यात कशी घालायची? शिओरी म्हणाली, "आई, दुकानातल्या सगळ्या बाहुल्या एकसारख्या हसतात. आपण बाजारात शोधू या. एकेक करून."

बाजार म्हणजे दर महिन्याच्या एकवीस तारखेचा, तोजीच्या देवळाच्या आवारातला. ती शाळेत होती तेव्हापासून आम्ही दोघी जायचो. ती बशी हरवलेले कप गोळा करायची आणि मी किमोनोचे तुकडे. तिचे बाबा म्हणायचे, या घरात काहीही पुरतं नाही, सगळं अर्धं आहे. आता ती पोट सांभाळत चटयांवर मांडलेल्या सामानावर वाकायची आणि मी मागून "हळू गं, हळू" करत फिरायची.

तिथं कापराच्या झाडाखाली ओकुमुरा नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसतात. जुनी घरं पाडली की उरलंसुरलं उचलून आणतात. त्यांच्याकडे आम्हाला राजा मिळाला. एकटाच.

"राणी कुठंय?" शिओरीनं विचारलं.

"उंदरांनी नेली. तेव्हापासून विधुर आहे बिचारा. बघा एखादं स्थळ असलं तर."

"स्वभाव कसा आहे?"

"बोलत नाही. नवऱ्यात आणखी काय हवं?"

शिओरी इतकी हसली की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. मग ओकुमुरा जरा गंभीर झाले. म्हणाले, "तुम्ही पोटुशी आहात म्हणून आधीच सांगतो, ताई. जुन्या बाहुल्या लोक घेत नाहीत. दुसऱ्यांच्या मुलींची पीडा त्यांच्यात असते म्हणतात."

"म्हणजे अनुभवी आहेत," शिओरी म्हणाली. "नव्यांना कुठं काम येतं?"

राणी शरद ऋतूत मिळाली, दुसऱ्याच एका बाईकडे, दुसऱ्याच घरातली. घरी आणून शेजारी बसवली तर राजापेक्षा अंगठाभर उंच. तुम्ही फोटोंत पाहिलं असेल, शिओरी कोहेईपेक्षा उंच होती. कोहेई त्या जोडप्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे मुद्दाम केलंय." तेव्हापासून राजाच्या बुडाखाली आम्ही कापडाची एक घडी घालतो, नाहीतर राणी त्याच्यावर नजर ठेवून बसल्यासारखी दिसते. वादक दोन-तीन घरचे आहेत. त्यांतल्या एकाच्या हातात बासरीऐवजी दात कोरायची काडी आहे. तीन दासींपैकी दोनच सापडल्या. तिसरी काही केल्या मिळेना.

सुझु जानेवारीत झाली. तिच्या पहिल्या सणाला शिओरीनं तिला पायऱ्यांसमोर धरलं आणि एकेकाची ओळख करून दिली. "हे राजेसाहेब, बोलत नाहीत. या राणीसाहेब, यांच्या मनात काय आहे ते सगळ्यांना कळतं. तिसरी दासी सुटीवर गेलीय, येईल." सुझु त्या वेळी जांभई देत होती.

पुढच्या मार्चला बाहुल्या मी एकटीनं मांडल्या. मधे काय झालं ते कोहेईनं तुम्हाला सांगितलं असेल. आजार रक्तातला होता. उन्हाळ्यात कळला आणि मेपलची पानं लाल व्हायच्या आत ती गेली. तेव्हापासून सुझु माझ्याकडे. शिओरीच्या लहानपणच्या बाहुल्या मी त्या हिवाळ्यात देवळात निरोपाला दिल्या; काम संपलेल्या बाहुल्यांना तिथं मंत्र म्हणून अग्नी देतात. शिओरीची पीडा त्यांनी घेतली नाही, तरी त्यांना बोल लावला नाही.

या वर्षी सुझुला हात होते. म्हणजे काम करणारे हात. फेब्रुवारीत रोज दुपारी आम्ही खाली कागद पसरून बसायचो. मी म्हटलं, तिसरी दासी सुटीवरून येत नाही तर आपणच एक करू. अंड्याला सुईनं भोक पाडून आतलं काढून घेतलं, वाळवलं आणि फुलाफुलांच्या कागदाचा किमोनो नेसवला. पहिल्या अंड्यावर सुझु बसली. दुसरं तिनं प्रेमानं दाबलं. तिसरं टिकलं. तोंड तिनंच काढलं: दोन ठिपके आणि एक तिरपी रेघ. केसांना मी काळी लोकर काढून ठेवली होती, पण तिनं औषधाच्या डब्यातला कापूस घेतला आणि डोक्यावर दाबून बसवला.

"ही कोण?" मी विचारलं.

"आजी."

तर अशी आमची तिसरी दासी. पांढऱ्या केसांची, वाकड्या तोंडाची, राणीच्या खालच्या पायरीवर.

आता तुम्ही जे पाहून न पाहिल्यासारखं केलंत, त्याबद्दल. बाहुल्या वेळेत उचलल्या नाहीत तर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, मुलगी घरातच राहते, हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. तीन मार्च झाला. मी म्हटलं, क्योतोत जुन्या पंचांगाप्रमाणे एप्रिलच्या तीन तारखेपर्यंत चालतं. ते खरंही आहे. मग एप्रिलची तीन तारीख झाली. तेव्हा पाऊस होता, आणि ओल्या हवेत बाहुल्या बांधत नाहीत, बुरशी धरते. तेही खरं आहे. मग पाऊस थांबला.

तुम्ही आणि कोहेई जूनमध्ये सुझुला कायमचं सेंदाईला न्यायला येणार, हे मला मार्चपासून ठाऊक होतं. मी काही अडाणी बाई नाही, मिहोसान. नन्सच्या शाळेत भूमिती शिकलेली आहे. तरी रोज सकाळी त्या पायऱ्यांवरची धूळ पिसांच्या झाडणीनं झाडताना माझ्या मनात यायचं, बसू दे. बसल्या तर काय बिघडलं.

तुम्ही बाहेर सुझुला बूट घालत होतात तेव्हा कोहेई आत आला. म्हणाला, "आई, चेरी फुलून गेली, नवी पानंही जून झाली, आणि राजेसाहेब अजून दरबार भरवून बसलेत?"

मी म्हटलं, "हवा दमट आहे."

त्या दिवशी हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटत होते. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो. दमट आहे."

सुझु उठली. आतून टिंगशी काहीतरी बोलणं चाललंय. इथं थांबते.

२५ मे

काल पुढं लिहायला जमलं नाही. सुझुनं सगळे कपडे कपाटातून काढून त्यांचा बाजार मांडला आणि मला गिऱ्हाईक व्हावं लागलं. माझाच पायमोजा मला विकला.

खरा बाजार तिला फार आवडतो. तिकडे गेल्यावर काय करायचं ते मी तुम्हाला सांगून ठेवते, कारण सेंदाईलाही कुठंतरी जुना बाजार भरत असेलच. तिला ओढायचं नाही. ती एका चटईपाशी उकिडवी बसते, हात पाठीमागे बांधते आणि नुसती बघते. हात पाठीमागे बांधायला मीच शिकवलंय, शिओरीलाही तसंच शिकवलं होतं. मग तिला जे हवं असतं ते कधीच कुणाला नको असतं. गंजलेली कडी, डब्याचं झाकण, एका पायाची खडाव. तिचा खजिना बिस्किटांच्या एका डब्यात आहे. तो तिच्याबरोबर येईल. त्यातलं काहीही कचरा म्हणून टाकू नका.

या एकवीसलाही आम्ही गेलो. ओकुमुरांनी सुझुला पाहिलं आणि म्हणाले, "या मालकीणबाई. आज दुकान घेणार का?" मग त्यांनी बाकाखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. उघडलं, तर तिसरी दासी. उभी, हातात साकेची सुरई, चेहऱ्याला एकही ओरखडा नाही. आमच्या आधीच्या दोन दासींच्याच मापाची.

"सुझु पोटात होती तेव्हापासून हिच्या मागावर आहे मी," ते म्हणाले. "जीव खाल्ला हिनं माझा. जिनं सांगितलं होतं तिला आता..." आणि ते वर्तमानपत्राची घडी घालत बसले.

सुझुनं बघितलं. "ही कोण?"

"ही तिसरी दासी," मी म्हटलं.

"तिसरी आजी आहे."

"घ्या," ओकुमुरा म्हणाले. "जागा भरली म्हणते पोरगी. मी इतका फिरलो आणि तुम्ही घरातल्या घरात नेमणूक करून मोकळ्या."

मी ती घेतली. निघताना त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पुढच्या महिन्यात दोघी येणार ना?" मी म्हटलं, "बघू." इतक्या वर्षांत मी त्यांना 'बघू' म्हटलेलं नाही. त्यांनी सुझुच्या हातात बाटलीचं एक निळं काचेचं बूच ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी उगाच मोठ्यानं बोलायला लागले.

आता त्या सुटीतलं प्राणिसंग्रहालय.

तुम्ही लिहिलंत की हिप्पोपाशी नेमकं काय झालं ते मला कळलं की नाही, तुम्हाला ठाऊक नाही. मी रुमाल शोधत होते ना, म्हणून. मला सगळं कळलं, मिहोसान. रुमाल माझ्या हातातच होता.

कोहेई कुंपणापाशी होता. त्याच्या मागं मी, आणि माझ्या मागं, सावलीत, तुम्ही जेवणाचे डबे घेऊन. सुझु पुढं जाऊन जाळीला नाक लावून उभी होती. हिप्पोनं तोंड उघडलं. कोहेई म्हणाला, "बघ सुझु, दात घासले नाहीत की असे होतात." तेवढ्यात तो प्राणी फुरफुरला आणि पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. सुझु वळली आणि धावत सुटली. मी वाटेतच होते. मी हात पुढं केले होते. ती माझ्या गुडघ्यांना वळसा घालून गेली, जसं पाणी दगडाला वळसा घालतं, आणि तुमच्यासमोर दोन्ही हात वर करून म्हणाली, "आई."

तुम्ही डबे खाली टाकून तिला उचललंत. आणि मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलंत. चोरी सापडल्यासारखं. म्हणून मी रुमाल शोधायला लागले.

घरी परतताना बसमध्ये ती तुमच्या मांडीवर झोपली होती. कोहेईनं मला विचारलं, "आई, दमलात का?" मी त्या 'आई'चा विचार करत राहिले. शिओरी गेली. कोहेई आता तुमचा आहे आणि मी त्याची कायद्यानं कोण लागते, हे मला सांगता येणार नाही. पण लग्नाच्या दिवसापासून त्यानं मला आईच म्हटलं आणि तो शब्द त्यानं परत घेतला नाही. त्याची स्वतःची आई नाराला सुखरूप आहे. त्यानं मला आई म्हटल्यामुळे त्यांचं काही कमी झालं, असं कधी कुणाला वाटलं नाही. आपल्याकडे हा शब्द असाच फिरतो. सुनेच्या तोंडून सासूला मिळतो, जावयाच्या तोंडून मिळतो. तुमच्या प्रश्नाला हे उत्तर पुरेसं आहे, असं मला त्या बसमध्ये वाटलं होतं. तेवढं लिहून पत्र टाकून द्यायचं मी ठरवलंही होतं.

पण ते पुरेसं नाही. कारण तुम्ही लिहिलंय, "सुझु रोज सकाळी शिओरीसानच्या फोटोला तो शब्द म्हणत असेल." हे वाचून मी पत्र घडी घालून ठेवलं आणि इतके दिवस काढलं नाही.

ती म्हणत नाही. तिनं तो शब्द फोटोला कधीही म्हटलेला नाही.

मी शिकवत होते. शिओरी गेल्यापासून रोज, पितळी वाटी वाजली की मी तिला फोटोसमोर धरायची आणि म्हणायची, "ही आई. म्हण, आई." ती कुत्र्याला कुत्रा म्हणायला शिकली, चंद्राला चंद्र म्हणायला शिकली. ओकुमुरांच्या टकलालासुद्धा तिनं चंद्र म्हटलं. पण तिकडे पाहून ती टिंगच म्हणायची. मला वाटायचं, येईल. मुलं एखादा शब्द मागं ठेवतात.

एप्रिलच्या शेवटी आम्ही कामो नदीकाठच्या बागेत जायचो. तिथं दुपारी पुष्कळ बायका लेकरं घेऊन येतात. सुझु वाळूत खेळणं सोडून त्या मुलांकडे बघत बसायची. मुलं पडली, दमली, भांडली की हात वर करायची आणि "आई" म्हणायची. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन त्यांना उचलायचं. माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे. मी तिला मांडीवर घेते, पाठीवर थोपटते, पण उभ्यानं उचलत नाही, उचलता येत नाही. तिनं ते सगळं नीट पाहून घेतलं असणार.

एका सकाळी भात ठेवला, वाटी वाजली, आणि मी रोजच्यासारखं म्हटलं, "ही आई." सुझुनं फोटोकडे पाहिलं. मग काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

ती तशी उभी राहिली, मिहोसान. हात वर करून. मला वाटलं आता खाली घेईल. तिनं घेतले नाहीत. टाचा उचलून थोडे आणखी वर केले. मी मागं बसले होते आणि मला हलता येत नव्हतं.

मग तिनं हात खाली घेतले, काठी उचलली आणि वाटी वाजवली. "टिंग," म्हणाली, मला समजावल्यासारखं.

त्या दिवसापासून मी तिला तो शब्द शिकवणं सोडलं. हे मी कोहेईला सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही आलात.

तेव्हा तुम्ही काही घेतलेलं नाही. जे कुणाकडे गेलंच नव्हतं, ते तुमच्याकडे आलं. ती तुमच्यासमोर हात वर करून उभी राहिली आणि तुम्ही तिला उचललंत. तुम्ही जर त्या वेळी, माझा मान राखायचा म्हणून, तिला सांगितलं असतंत की मी आई नाही, मला नावानं हाक मार, तर तिनं दुसऱ्यांदा हात खाली घेतले असते. ते मला बघवलं नसतं.

तिला आई म्हणू द्या.

२६ मे

मिहो, एवढं सगळं लिहून झाल्यावर तुला 'तुम्ही' म्हणणं मला जड जातंय. यापुढं म्हणणार नाही.

आज हवा खरोखरच कोरडी आहे. सकाळीच सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बाहुल्या उतरवायला घेतल्या. सुझुला वाटलं, झोपवायचंय. मी बाहुलीच्या चेहऱ्यावर मऊ कागद ठेवायचा, तिनं "निज हं" म्हणायचं आणि मग खोक्यात. राजा झोपला, राणी झोपली. वादकांपैकी एक झोपेना म्हणून त्याला दोनदा थोपटावं लागलं. खोक्यात कापराच्या पुड्या घातल्यात. उघडशील तेव्हा वास येईल, घाबरू नकोस. कापडाची घडी राजाच्या कागदातच आहे.

खोकी मी आधी पाठवतेय. म्हणजे सुझु तिथं पोचेल तेव्हा त्या घरात तिच्या ओळखीचं कुणीतरी असेल. तुझ्या आईंना आपल्याकडून नव्या बाहुल्या द्यायच्या असतील तर तो त्यांचा मान आहे, त्यांनी जरूर द्याव्यात. मग या देवळात निरोपाला दे आणि मला कळवू नकोस. पण ठेवल्यास, तर मांडशील तेव्हा तुमच्या पूर्वेकडच्या रीतीनं मांड. आम्ही क्योतोचे लोक राजाला उजवीकडे बसवतो, तुम्ही डावीकडे. सुझु एखादे वेळी म्हणेल की चुकलं. तिला सांग, या घरी असंच.

तिसरी दासी बाजारातली घातली आहे. संच आता पुरता झाला. अंड्याची तिसरी प्रवासात टिकणार नाही, म्हणून ती मागंच राहिली होती, रिकाम्या लाल पायऱ्यांवर एकटी. मी विचार करत होते, हिचं काय करावं. सुझु आली, तिनं ती दोन्ही हातांत धरली, कशी कोण जाणे पण न दाबता, आणि हळू पावलं टाकत आत गेली. देव्हाऱ्याच्या कडेवर, शिओरीच्या फोटोला टेकून, तिनं ती ठेवली. मग वाटी वाजवली.

"टिंग," ती म्हणाली. "आजी."

दोघींची ओळख करून दिली आणि खेळायला निघून गेली.

तेव्हा या घरात सुझुचं जे काही उरलंय, टिंग आणि आजी, ते एका ठिकाणी आहे, हे तिला कळण्याएवढी मोठी झाली की सांग. घाई नाही. तोवर तिला उचलत जा. अजून वर्षभर तरी ती उचलून घेण्याएवढी हलकी राहील.

तुमच्या तिघांच्या घराला आशीर्वाद.

टिंगशेजारी बसलेली,
सुझुची क्योतोची आजी,
फुमिए